सत्त्याऐंशी दिवस

पुसद
रविवार, ६ ऑगस्ट २००६

प्रिय ममता हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

लग्न होऊन तीन महिने झाले आणि मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही, याची आधी माफी मागते. शाळा सुरू झाली, दहावीचे गणिताचे दोन वर्ग माझ्याकडे आले, ही कारणं खरी आहेत; पण गेल्या आठ दिवसांत पत्र न लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दोनदा लिहिलं आणि फाडलं. आज लिहून होईल तसंच पाठवते.

तुझ्या भाचीचं नाव माझ्या भावासाठी, अतुलसाठी, मीच सुचवलं, हे तू जाणतेस. वसतिगृहातल्या दोन मैत्रिणींच्या घरांत सोयरीक व्हावी याचा मला किती आनंद होता, हेही जाणतेस. म्हणून हे तिच्या वडिलांना, तुझ्या उकंडाभाऊंना, न लिहिता तुला लिहिते आहे.

२४ जुलैला चि. सौ. प्रियंकाला थोडं रक्त दिसलं म्हणून अतुल तिला आमच्या लोहाऱ्याच्या घरून यवतमाळला सोनोग्राफीला घेऊन गेला. बाळ नीट आहे, काळजी नाही. २७ तारखेला ती आरामासाठी तुमच्याकडे दारव्ह्याला आली. अहवाल इंग्रजीत असल्यामुळे अतुलने त्याची झेरॉक्स माझ्याकडे पाठवली. त्यात गर्भाचं वय बारा आठवडे तीन दिवस लिहिलं आहे, म्हणजे सत्त्याऐंशी दिवस. लग्न ७ मेला झालं. तिथपासून सोनोग्राफीच्या दिवसापर्यंत अठ्ठ्याहत्तर होतात. नऊ दिवस जास्त भरतात. बाळंतपणाची अंदाजे तारीख २ फेब्रुवारी दिली आहे. तिथून नऊ महिने मागे गेलं तरी २ मे येते. 'शेवटची पाळी' ही ओळ अहवालात कोरी आहे. अतुल सांगतो की लग्नाआधी तो आणि प्रियंका एकटे कधी भेटले नाहीत.

घरात हा हिशेब झाला आहे. आई एकच वाक्य धरून बसली आहे: "बारा हप्त्याचं लेकरू अन् अकरा हप्त्याचं लगन, मले शिकवू नका." तुमच्याकडून खुलासा येईपर्यंत प्रियंकाने दारव्ह्यालाच राहावं, असं ठरलं आहे.

माझ्यावर रागावू नकोस, असं लिहिणार होते. पण ते मागणं बरोबर होणार नाही. खरं काय ते कळव.

तुझी,
विमल


दारव्हा
११ ऑगस्ट २००६

आयु. विमलताई यांस,
जय भीम. पत्र पोचलं.

तुम्ही माफी मागितलीत ती पत्र न लिहिल्याची. पत्र लिहिल्याची मागायला हवी होती.

'घरात हा हिशेब झाला आहे.' झाला म्हणजे कोणी केला? तुमच्या आई रुखमाबाईंना इंग्रजी येत नाही, अतुलला बारा आणि सात यांचा गुणाकार करायला कागद लागतो. प्रियंका सांगते की २७ तारखेपर्यंत सासूबाई तिच्यासाठी दुधात खारीक उकळत होत्या. पुसदहून शेजाऱ्यांच्या फोनवर तुमचा फोन आला आणि त्यानंतर तिला निरोप पोचला की परत यायची घाई करू नको. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना तुम्ही स्वतःचं नाव लावत नसाल, पण इथे लावा.

उकंडाभाऊ ९ तारखेला लोहाऱ्याला जाऊन आला. गेल्या हंगामात तो कामाला असलेलं कापसाचं जिनिंग जेमतेम तीन महिने चाललं, तेव्हापासून तो मिळेल त्या कामावर जातो. त्या दिवशी काम सोडून गेला. तुमच्या आई दारात उभ्या राहून बोलल्या. तो अंगणात खुर्चीवर बसला होता. पाणी कोणी विचारलं नाही. अतुल दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेला होता, असं सांगितलं. त्याची पाळी पहिली असते हे आम्हाला माहीत आहे. परत येताना स्टॉपवर दोन बायका भाऊला पाहून गप्प झाल्या. रुखमाबाईंनी विहारात, वर्षावासाचं धम्मग्रंथाचं वाचन संपल्यावर, सगळ्यांसमोर ही गोष्ट काढली होती. भाऊ घरी येऊन मला म्हणाला, "ममते, आपल्या पोरीचे दिवस तठी बायका बोटावर मोजून राह्यल्या." त्यानंतर तो जेवला नाही.

या वर्षी आपल्या जिल्ह्यात जो येतो तो मोजायलाच येतो. कोणी बोंडं मोजतं, कोणी घरं मोजतं, कोणी गावात किती शेतकऱ्यांनी जीव दिला ते मोजतं आणि गाडीत बसून निघून जातं. तुम्ही तर घरातल्या. तुम्ही मुलीचे दिवस मोजलेत.

आणखी एक. तुमचं पत्र आल्यावर मी प्रियंकाला माजघरात बोलावलं आणि तो प्रश्न विचारला. जो मी कधी तिला विचारला नसता. ती म्हणाली, "आत्या, तू बी?" हे मी तुम्हाला माफ करणार नाही. स्वतःलाही नाही.

तुमच्या नऊ दिवसांचं उत्तर आज माझ्याकडे नाही, हे लपवत नाही. पण मुलगी खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे.

ममता


पुसद
१७ ऑगस्ट २००६

ममता,
जय भीम.

हो, मोजलं मी. आईला फोन मी केला. तो करायच्या आधी तुला लिहायला हवं होतं, हे मी कबूल करते. आई ते विहारात बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण आईला पन्नास वर्षं ओळखणाऱ्या कोणालाही ते वाटलं असतं. म्हणजे मी विचार केला नाही.

पण हिशेब चुकीचा आहे, असं तू कुठे दाखवलंस? तू रागावलीस, पाण्याचा विषय काढलास, जिनिंग काढलंस. अठ्ठ्याहत्तर आणि सत्त्याऐंशी तिथेच आहेत. यंत्राला आपली सोयरीक माहीत नाही, ते कोणाची बाजू घेत नाही. मी लग्न केलं नाही, मूल नाही, म्हणून मला यातलं कळत नाही असं तुझ्या मनात असेल. तू ते लिहिलं नाहीस, पण मला ओळींच्या मधलं वाचता येतं. आकडे कळायला मूल असावं लागत नाही.

आईला आता आणखी एक आठवलं आहे. लग्नाचा बस्ता घ्यायला आम्ही दारव्ह्याला आलो, तेव्हा प्रियंकाला दुकानापर्यंत तुमच्याकडचा विक्की जीपने घेऊन आला होता, आणि कपडे पाहून झाल्यावर तोच तिला घेऊन गेला. सत्त्याऐंशी दिवस मागे गेलं की साधारण तेच दिवस येतात. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. आई काय बोलते ते तुला माझ्याकडून कळलेलं बरं. माझ्याकडे रोजची नोंद असते, तू त्यावरून वसतिगृहात मला पुष्कळ चिडवलं आहेस. त्या दिवशी कोण कधी आलं आणि गेलं, ते काढून पाहीन.

तुम्ही दुसरी सोनोग्राफी करून घ्या. त्यात वेगळं काही आलं तर ते मान्य करणारी मी पहिली असेन.

विमल


दारव्हा
३ सप्टेंबर २००६

आयु. विमलताई यांस,
जय भीम.

विक्की उकंडाभाऊच्या साळ्याचा मुलगा. प्रियंकाला तो जन्मापासून ताई म्हणतो. तुमचं पत्र मी चुलीत घालणार होते, पण ठेवलं. पुढे दाखवायला लागेल.

परवा, १ तारखेला, आम्ही दुसरी सोनोग्राफी करून आलो. ठिकाण तेच घेतलं, म्हणजे दुसऱ्या यंत्राचं निमित्त तुम्हाला उरायला नको. या वेळी अतुल नव्हता, मी होते. आत जाऊ देत नव्हते. मी म्हटलं, मुलगी एकटी आत जाणार नाही. डॉक्टरीणबाईंनी मला स्टुलावर बसवलं. पोटावर थंड मलम लावलं. पडद्यावर राखाडी धुकं दिसत होतं, मग त्यात मण्यांची एक ओळ दिसली. तो पाठीचा कणा. मग हृदय, फडफडणारं. डोक्याच्या दोन बाजूंना बाईंनी दोन खुणा केल्या आणि यंत्राने मधलं अंतर सांगितलं. मी त्यांना तुमची झेरॉक्स दाखवली आणि सरळ विचारलं की हे यंत्र दिवस कसे ओळखतं.

ओळखतच नाही. ते फक्त लांबी मोजतं, विमलताई. पहिल्या वेळी डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत, आता डोकं, पोट, मांडीचं हाड. मग इतक्या लांबीचं बाळ किती आठवड्यांचं, हे तक्त्यात पाहून लिहितं. आणि तो तक्ता शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, कारण मूल नेमकं कधी राहिलं ते बाईलाही माहीत नसतं, पाळीचा दिवस तेवढा माहीत असतो. सगळ्या दवाखान्यांत असंच मोजतात. बाई म्हणाल्या, "पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. तरी ते धरतात." वर त्यांनी हेही सांगितलं की तक्त्यातही पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात, त्याच्यावरून कोणी कोणाच्या चारित्र्याचा दाखला काढू नये.

आता तुम्ही मोजा. सत्त्याऐंशीतून चौदा वजा केले की त्र्याहत्तर. लग्नाला अठ्ठ्याहत्तर. बाळ लग्नानंतर पाच-सहा दिवसांनी, बुद्धपौर्णिमेच्या आसपास राहिलं. तुमचे नऊ दिवस कोणाचेच नाहीत.

ओळ कोरी का होती, तेही विचारलं. पहिल्या वेळी बाहेरच्या टेबलावरच्या माणसाने दहा-बारा लोकांसमोर मोठ्याने विचारलं की पाळी कधीची. अतुल खाली पाहत राहिला, पोरगी गप्प राहिली, आणि त्याने ओळ सोडून दिली. परवा बाईंनी दार लावून विचारलं तेव्हा तिने पटकन सांगितलं: २८ एप्रिल. बाईंनी बोटांवर मोजून बरोबर अठरा आठवडे म्हटलं, आणि यंत्राने तेच दाखवलं. तारीख इतकी पक्की कशी लक्षात, असं मी बाहेर आल्यावर विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी बस्ता होता, आणि विमलताईंनी पर्समधून गोळी काढून दिली.

तुमच्याकडे रोजची नोंद असते ना?

सोबत प्रियंकाचा कागद आहे. मी तो वाचलेला नाही. तिने घडी करून दिला तसा पाठवते.

ममता


(सोबतचा कागद)

विमलताई, जय भीम.

बस्त्याच्या दिवशी तुमी मले गोळी देलती अन् म्हणलं होतं का आपल्यात विटाळ-बिटाळ नसते, लाजू नको. मनून मी तुमच्यापाशी लाजली नाही. त्या दवाखान्यात लाजली, कारण समोर सगळे बसून होते. माहा गुन्हा तेवढाच आहे.

यायनं, तुमच्या भावानं, मले काही विचारलं नाही. तुमी बी नाही. सगळे त्या कागदालेच विचारत राह्यले. मी बारावी पास आहो, बोलता येते मले.

मले वापस बोलवायचं असन तं घरी कुजबुज करून बोलवू नका. जठी माहं नाव निघालं, तठीच ज्यानं मोजलं त्यानं उभं राहून सांगावं. मंग यायचं का नाही ते मी पाहीन. नाही तं लेकरू अठीबी मोठं होते.

प्रियंका


पुसद
शनिवार, ९ सप्टेंबर २००६

ममता,
जय भीम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, पण माझा खरा उशीर चार दिवसांचा नाही. ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

१७ ऑगस्टला तुला पत्र टाकून घरी आले आणि बस्त्याच्या दिवसाची नोंद काढली. विक्की किती वाजता आला ते शोधायला काढली, हे विसरू नकोस. नोंद तुला जशीच्या तशी देते.

'२८ एप्रिल, शुक्र. दारव्हा, बस्ता. आईला हिरवा शालू पटला नाही, दुकानदाराने अख्खा ढीग उलगडला. दुकानं रिकामी, यंदा लग्नं लोक आटोपशीर करताहेत. मुलीला आजच पाळी आली, पोट धरून बसली होती. गोळी दिली. सरळ बोलली, लाजली नाही. आवडली मला.'

त्याखाली विक्कीचं नावसुद्धा नाही.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. २४ जुलैपासून सत्त्याऐंशी दिवस मागे मोजत आले आणि बोट २८ एप्रिलवर येऊन थांबलं. अगदी त्याच दिवसावर. म्हणजे ज्या दिवशी तिला पाळी आली त्याच दिवशी तिला दिवस गेले, असं माझं गणित सांगत होतं. हे असू शकत नाही, एवढं मला लग्न न करताही कळतं. वर्गात एखाद्याचं उत्तर असं आलं तर मी म्हणते, मागे जा, सुरुवात कुठून केलीस ते बघ. मी माझी सुरुवात बघितली नाही. डायरी मिटली.

तेव्हापासून तुझं पत्र येईपर्यंत एकोणीस दिवस मला ठाऊक होतं की हिशेब चुकला आहे. कुठे चुकला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या आड मी बसून राहिले. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारायला दोनदा गेले. दोनदा मुलींच्या जंतांच्या गोळ्यांचा विषय काढून परत आले. विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं, आणि मग मला आईला फोन करावा लागला असता. त्या एकोणीस दिवसांत आईने विहारात आणखी काय काय सांगितलं असेल, ते मी विचारलं नाही.

यात माझं काय होतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. अज्ञान होतं, पण ते पहिल्या फोनपुरतं. पुढचं सगळं मी बरोबर असण्याच्या हौसेपायी झालं. घरात शिकलेली मी एकटी, कागद आला की माझ्याकडे येतो, मी वाचते आणि सगळे मान डोलवतात. तो मान मला सोडवला नाही. कोरी ओळ पाहून 'लपवलं' असं मी वाचलं. 'विचारलं नाही' असं वाचता आलं असतं.

यंत्र कोणाची बाजू घेत नाही, असं मी तुला ऐटीत लिहिलं होतं. ते बरोबर होतं. बाजू मी घेतली.

मी अतुललाही बुधवारी कारखान्याच्या फोनवर गाठलं. त्याला सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "ताई, तू सांगतली मनून मी मानलं." मी त्याला म्हटलं की बायकोला न विचारता बहिणीचं मानलंस, हे तुझं आहे, ते माझ्या नावावर टाकू नकोस. दारव्ह्याला जायचं की नाही ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने मला विचारलं होतं. मी आता त्याला काही वाचून दाखवणार नाही.

प्रियंकाने सांगितलं ते मी करणार आहे. उद्या रविवार. लोहाऱ्याच्या विहारात वाचनानंतर पंचेचाळीस-पन्नास बायका-माणसं बसलेली असतात. मी उभी राहून माझं नाव सांगेन, हिशेब मी केला होता हे सांगेन, आणि तो कुठून सुरू करायचा असतो ते सांगेन. शाळेतून गुंडाळता येणारा फळा मागून आणला आहे. तारखा लिहून दाखवेन, म्हणजे 'विमलनं घरची गोष्ट सारवली' असं कोणाला म्हणता येणार नाही. तिची पाळीची तारीख फळ्यावर लिहायची का, यावर दोन दिवस अडले होते. लिहिणार नाही. ती तिची आहे. एका मनातल्या बाईची तारीख घेऊन समजावेन. बस्त्याची नोंद मात्र नंतर घरी आईसमोर धरीन, कारण तो माझ्याविरुद्धचा पुरावा आहे, तिच्याबद्दलचा नाही.

प्रियंकाने यावं असं मी लिहीत नाही. तिने यायचं का ते ती पाहील, असं तिने लिहिलं आहे. तिचा कागद मी डायरीत २८ एप्रिलच्या पानाला लावून ठेवला आहे. उकंडाभाऊंना पाणी न विचारल्याबद्दल मी काय लिहू? पुढच्या खेपेला ते आले तर, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. आधी मी दारव्ह्याला येऊन तुमच्या दारात उभी राहीन. तुम्ही मलाही पाणी विचारू नका.

तू मला 'तुम्ही' लिहितेस ते राहू दे. बदलायची घाई करू नकोस. पत्राच्या शेवटी लोभाबद्दल जी ओळ लिहायची पद्धत आहे, ती या वेळी मी कोरी सोडते. तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर, तू भर.

विमल

ता. क. उद्या आईला आधी घरात काही सांगायचं नाही, तिने ते विहारात, सगळ्यांबरोबर ऐकायचं.